वाहतूक गणना कशी करावी: रस्त्याच्या कडेपासून संकल्पनाच्या आकड्यापर्यंत

रस्ता रुंद करायचा असो, चौकात सिग्नल बसवायचा असो किंवा डांबरी थरांची जाडी ठरवायची असो, पहिला प्रश्न एकच असतो: या रस्त्यावरून रोज किती आणि कोणकोणती वाहने जातात? कडेला खुर्ची टाकून मोजले की उत्तर मिळाले, असा बहुतेकांचा समज असतो. मोजणी सोपी असते हे खरेच आहे. मात्र कोणत्या दिवशी, कोणत्या जागी आणि वाहनांची कोणती वर्गवारी धरून मोजले, यावर तोच रस्ता कागदावर रिकामाही दिसू शकतो आणि तुडुंब भरलेलाही. हा लेख गणना स्वतः करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्यासाठी आणि स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यासाठी आहे, तसाच दुसऱ्याने केलेली गणना तपासून पाहू इच्छिणाऱ्या सजग नागरिकासाठीही आहे.

समजायला सोपे जावे म्हणून लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवले आहे. सातारा-सांगलीकडच्या ऊसपट्ट्यात साडेपाच मीटर रुंदीचा एक रस्ता आहे, तो सात मीटरचा, म्हणजे पूर्ण दुपदरी, करावा की नाही हे ठरवायचे आहे, असे समजू. हा रस्ता आणि त्याचे आकडे काल्पनिक आहेत. त्यांच्यावर लावलेले नियम आणि गुणांक मात्र आपल्याकडे रोजच्या वापरात असलेलेच आहेत.

आधी प्रश्न लिहून काढा

गणनेचे तक्ते छापण्याआधी, या आकड्यावरून कोणता निर्णय घ्यायचा आहे, ते कागदावर एका वाक्यात लिहावे. रुंदीकरणाचा निर्णय असेल तर दोन चौकांमधल्या सरळ भागावर दोन्ही दिशांची आठवडाभराची गणना लागते. सिग्नलचा असेल तर चौकातली प्रत्येक वळणाची हालचाल पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत मोजावी लागते, पण त्यासाठी रात्रभर जागण्याची गरज नसते. डांबरी थरांची जाडी ठरवायची असेल तर दुचाकी किती गेल्या याला जवळजवळ काहीच महत्त्व उरत नाही. तिथे सगळा भर जड वाहनांवर आणि त्यांच्या आसांवर (दोन्ही बाजूंची चाके जोडणाऱ्या दांड्यांवर, म्हणजे ॲक्सलवर) पडणाऱ्या वजनावर असतो. शहराचा वाहतूक आराखडा करायचा असेल तर शहराभोवती एक कल्पित कडे आखून ते ओलांडणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर मोजतात किंवा नदीसारखी नैसर्गिक रेषा धरतात. पुण्यासारख्या शहरात मुठा नदीवरच्या सगळ्या पुलांवर एकाच दिवशी गणना केली, तर या काठावरून त्या काठावर रोज किती वाहने जातात हे नेमके कळते, कारण पूल टाळून पलीकडे जाण्याची सोयच नसते.

आपल्या उदाहरणात प्रश्न रुंदीकरणाचा आहे. साडेपाच मीटरचा रस्ता आजच्या आणि पुढच्या पंधरा वर्षांच्या वाहतुकीला पुरेल का, एवढेच ठरवायचे आहे.

जागा

गावाच्या वेशीवर बसून राज्य मार्गाची वाहतूक मोजू नये. तिथे शाळेत सोडायला निघालेल्या दुचाकी, दूध संकलन केंद्राकडे जाणाऱ्या सायकली आणि पानटपरीपर्यंतच्या फेऱ्या मोजल्या जातात आणि रस्त्याच्या उरलेल्या लांबीवर ही वाहने कुठेच नसतात. मोठ्या गावाच्या प्रभावापासून दूर, दोन महत्त्वाच्या फाट्यांच्या साधारण मध्यावरची जागा निवडावी. मधे एखादा साखर कारखाना, खाण किंवा बाजार समितीचे आवार असेल तर त्याच्या अलीकडे आणि पलीकडे अशी मोजणीची दोन ठाणी लावावीत, कारण तिथे वाहतुकीचे स्वरूपच बदलते.

जागा ठरली की तिथे उभे राहून पाहावे. गतिरोधकाजवळ वाहने एकमेकांना चिकटून येतात, वळणावर पलीकडची वाहने दिसत नाहीत आणि चहाच्या टपरीजवळ मोजणारा माणूस चहाच्या टपरीवरच सापडतो. वाहने एकसारख्या वेगाने जातात, रात्री थोडा उजेड असतो आणि माणसाला रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर बसता येते, अशी जागा उत्तम. निवडलेल्या जागेची किलोमीटर साखळी (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर), जवळचा मैलाचा दगड आणि दिशांची नावे तक्त्याच्या वर लिहावीत. ‘डावीकडून उजवीकडे’ असे लिहून ठेवले तर सहा महिन्यांनी डावीकडे काय होते, हे कोणालाच सांगता येत नाही.

दिवस आणि हंगाम

गणनेतली सगळ्यात मोठी चूक इथे होते, आणि ती नंतर कुठल्याही सूत्राने भरून निघत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची ग्रामीण रस्त्यांवरील वाहतूक गणनेची मार्गदर्शिका, आयआरसी ९, ही 1972 सालची आहे. सलग सात दिवस, दिवसाचे चोवीस तास आणि वर्षातून किमान दोनदा गणना करावी, असे ती सांगते. एकदा सुगीच्या आणि मालविक्रीच्या ऐन काळात, एकदा मंदीच्या काळात. जत्रा, प्रदर्शन अशा अपवादात्मक दिवसांत गणना करू नये, असेही त्यात म्हटले आहे.

(ज्या संस्थेच्या क्रमांकांवर हा सारा लेख उभा आहे, तिची स्थापना 1934 साली झाली ती जयकर समितीच्या शिफारशीमुळे. त्या समितीचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्ते अभियांत्रिकीच्या वर्गात त्यांचे नाव परीक्षेपुरते येते, विद्यापीठाच्या ग्रंथालयावर मात्र ते रोज दिसते.)

महाराष्ट्रात ‘सुगी’ हा एकच काळ नाही, हे लक्षात ठेवावे लागते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या पट्ट्यात कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो आणि त्या काळात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या रस्त्याचा ताबा घेतात. लासलगावच्या आसपास कांद्याच्या आवकेवर रस्ता हलतो. देवगड-रत्नागिरीकडे एप्रिल-मे म्हणजे आंब्याच्या पेट्यांचे आणि सुट्टीला आलेल्या चाकरमान्यांचे महिने. पावसाळ्यात खडी-क्रशर मंदावतात आणि बांधकामाच्या मालाचे ट्रक घटतात. त्यामुळे मोजणीचा महिना ठरवण्यापूर्वी त्या भागातल्या दोन-तीन माणसांना ‘या रस्त्याला जास्त गर्दी कधी असते’ असे विचारावे. एसटीचा वाहक किंवा पेट्रोल पंपाचा चालक याचे उत्तर चटकन देतो.

सात दिवसांच्या मोजणीत एक आठवडी बाजार येतोच आणि तो यायलाच हवा, कारण तो वर्षातून बावन्न वेळा भरतो. आषाढी वारीचे मात्र तसे नाही. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सासवड-फलटणमार्गे आणि देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी बारामती-इंदापूरमार्गे जाते, तेव्हा त्या रस्त्यांवर वाहने वळवलेलीच असतात. त्या आठवड्यातला आकडा वर्षाचा प्रतिनिधी मानता येणार नाही. गणेशोत्सवाच्या आधीच्या दोन-तीन दिवसांतला मुंबई-गोवा महामार्गही तसाच. अर्थात पालखी मार्गाचीच सोय पाहायची असेल किंवा गणपतीतल्या कोंडीचाच अभ्यास असेल, तर नेमके तेच दिवस मोजावेत. म्हणूनच प्रश्न आधी लिहून काढायचा.

आठवडाभर मोजणे परवडत नसेल तर निदान तीन दिवस घ्यावेत आणि त्यांत बाजाराचा दिवस, एक साधा कामाचा दिवस आणि रविवार असावा. मोजणी बारा किंवा सोळा तासांचीच असेल, तर एखाद्या ठाण्यावर एक दिवस पूर्ण चोवीस तास मोजून रात्रीच्या वाहतुकीचे प्रमाण काढावे आणि त्या प्रमाणाने उरलेले दिवस वाढवावेत. हे प्रमाण दुसऱ्या रस्त्याचे उसने आणू नये. पर्यटनाच्या रस्त्यावर रात्री शुकशुकाट असतो, तर मालवाहतुकीच्या रस्त्यावर खरी वर्दळ रात्री अकरानंतर सुरू होते.

वाहनांचे वर्ग

तक्त्यावरचे रकाने आणि रस्त्यावरचे बोलणे यांची सांगड आधीच घालून घ्यावी. मोजणारी मुले त्याच भागातली असतात. ‘हलके व्यापारी वाहन’ हे शब्द त्यांच्या तोंडी नसतात, ती म्हणतात छोटा हत्ती आणि पिकअप. खडीचा दहा चाकी टिपर म्हणजे हायवा, गावोगाव प्रवासी भरून धावणारी जीप म्हणजे वडाप, सहा आसनी डिझेल रिक्षा म्हणजे डुक्कर. मोजणीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना रस्त्याच्या कडेला तासभर उभे करून प्रत्येक येणारे वाहन कोणत्या रकान्यात जाईल, हे मोठ्याने बोलून घ्यावे. वडाप मोटारीच्या रकान्यात की बसच्या, पिकअप मोटारीत की मालवाहूत, एकच ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर एकाच रकान्यात की वेगळे, हे वाद त्या तासात मिटले नाहीत तर प्रत्येक पाळीत वेगळे उत्तर मिळते. मग सोमवारी पिकअप वाढलेल्या आणि मंगळवारी मोटारी वाढलेल्या दिसतात, रस्त्यावर मात्र काहीच बदललेले नसते.

माझा सल्ला असा की मोजताना वर्ग जास्त ठेवावेत आणि आकडेमोडीत एकत्र करावेत. दोन आसांचा ट्रक, तीन आसांचा ट्रक आणि त्याहून अधिक आसांचे वाहन वेगळे नोंदले असेल तर ते नंतर एका बेरजेत घालता येते. एकत्र नोंदलेले मात्र पुन्हा वेगळे काढता येत नाही. भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक वेगळा नोंदता आला तर फारच चांगले, कारण ऊस, खडी आणि वाळूच्या रस्त्यांवर एका दिशेने भरलेली आणि दुसऱ्या दिशेने रिकामी वाहने जातात आणि रस्त्याची एक बाजू आधी उखडते.

माणसे, पाळ्या आणि तक्ते

चोवीस तासांच्या आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या कराव्यात, सकाळी सहापासून सुरुवात करावी आणि प्रत्येक दिशेला निदान एक माणूस ठेवावा. वर्दळ जास्त असेल तर दुचाकींसाठी स्वतंत्र माणूस द्यावा, कारण दुचाकींचा लोंढा मोजणाऱ्याची नजर ट्रककडे जात नाही. सलग दोन तासांनंतर लक्ष उडते, तेव्हा एक जादा माणूस पाळीपाळीने सगळ्यांना सोडवत राहील अशी व्यवस्था असावी. परावर्तक जाकीट, विजेरी, खुर्ची, पाण्याची बाटली, प्लास्टिकचे आवरण असलेला लिहिण्याचा पुठ्ठा आणि प्रत्येकाला दोन पेने एवढे साहित्य लागते. स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवून ठेवावे. रात्री रस्त्याकडेला चार माणसे वाहने पाहत बसलेली दिसली की चौकशी होणारच.

नोंद पाचच्या गटांनी करतात: चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांच्यावर तिरकी. प्रत्येक तासाचा वेगळा रकाना असतो आणि चौकात तर पंधरा मिनिटांचाच. तास संपला की बेरीज तिथेच, त्याच वेळी, रकान्याच्या शेवटी लिहून घ्यावी. पाळी संपल्यावर एकदम बेरजा करायला ठेवल्या की दुपारी दोनची पुढची पाळी उभी असते, आधीच्या माणसाची एसटी सुटत असते आणि बेरजा घाईत होतात.

एकदा माझ्याकडे तपासणीला आलेल्या रात्रपाळीच्या तक्त्यात दोन ते तीन, तीन ते चार आणि चार ते पाच या तिन्ही तासांत नेमके चौदा ट्रक होते. रेघा एकसारख्या, एकाच पेनच्या, एकाच ओघात ओढलेल्या आणि कागद इस्त्री केल्यासारखा. खरा तक्ता असा नसतो. त्यावर दवाचे डाग असतात, मधेच पेन बदललेले असते, कुठे सहावी रेघ ओढून खोडलेली असते. चौकशीअंती कळले की मोजणारे दोघेही मध्यरात्री घरी जाऊन झोपले होते आणि सकाळी चहाबरोबर रकाने भरले होते. ती रात्र रद्द करून पुन्हा मोजावी लागली. तेव्हापासून मी प्रत्येक ठाण्याला रात्री कोणत्याही वेळी एक न सांगता भेट देतो आणि त्या वेळी समोरून गेलेल्या पाच-सहा वाहनांची वेळ आणि प्रकार स्वतः टिपून ठेवतो. दुसऱ्या दिवशी तक्ता हाती आला की तेवढीच पंधरा मिनिटे जुळवून पाहायची.

कॅमेरा आणि यंत्रे

हल्ली बहुतेक कामांत रस्त्याकडेच्या खांबावर कॅमेरा लावून चित्रफितीवरून मोजतात आणि ती पद्धत चांगली आहे, कारण शंका आली तर तोच तास पुन्हा पाहता येतो. फक्त कॅमेरा पुरेशा उंचीवर आणि थोडा तिरका असावा, नाहीतर जवळून जाणारी बस पलीकडच्या दोन दुचाकी गिळून टाकते. रस्त्यावर चुन्याची एक आडवी रेघ मारावी आणि ती ओलांडणारे वाहनच मोजावे. रात्री समोरच्या दिव्यांनी चित्र पांढरे होते, म्हणून पहिल्याच रात्रीची चित्रफीत सकाळी तपासावी, आठवडा संपायची वाट पाहू नये. संगणकाकडून आपोआप मोजणी करून घेतली असेल तर गर्दीचा एक तास, दुपारचा एक आणि रात्रीचा एक तास माणसाने मोजून ताडून पाहावा. आपल्याकडे एकाच पट्ट्यात मोटारीशेजारी दुचाकी आणि तिच्याशेजारी रिक्षा असते, त्यामुळे बेरीज जुळली तरी वर्गवारी चुकलेली असू शकते.

रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकून मोजणारे यंत्र वाहने मोजत नाही, आस मोजते. दोन आस म्हणजे एक वाहन असा सरळ भागाकार केला तर तीन आसांचा ट्रक दीड वाहन होतो आणि दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर तर कितीही होऊ शकतो. वाहने मोजण्यासाठी डांबरात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यांची अडचण वेगळी आहे. ती पट्ट्याच्या मधून जाणाऱ्या वाहनावर अवलंबून असतात आणि आपल्या दुचाकी कडेने जातात. राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यामुळे टोलनाक्यांवरची नोंद तासागणिक आणि वर्षभराची मिळू शकते, हे मोठे भांडवल आहे. हंगामी चढउतार काढायला तिच्यासारखे दुसरे साधन नाही. मात्र दुचाकी आणि ट्रॅक्टर तिथे बहुधा नोंदले जात नाहीत आणि टोल चुकवून आतल्या गावरस्त्याने जाणारे वाहनही तिला दिसत नाही.

लांब रस्त्याचा झटपट अंदाज हवा असेल तर फिरत्या निरीक्षकाची पद्धत वापरता येते. वॉर्ड्रॉप आणि चार्ल्सवर्थ यांनी ती 1954 साली ब्रिटनमध्ये मांडली. ज्या दिशेचा प्रवाह मोजायचा तिच्या उलट दिशेने मोटारीतून जाताना समोरून आलेली वाहने मोजायची. मग प्रवाहाच्या दिशेने परतताना आपल्याला ओलांडून गेलेली वाहने मोजून त्यांतून आपण ओलांडलेली वजा करायची. या दोन संख्यांच्या बेरजेला दोन्ही प्रवासांच्या एकूण वेळाने भागले की प्रवाह मिळतो. पाच-सहा फेऱ्यांची सरासरी घ्यावी. घाटात ही पद्धत वापरू नये.

चौकाची मोजणी

चार रस्त्यांच्या चौकात प्रत्येक रस्त्यावरून डावे, सरळ आणि उजवे अशा तीन, म्हणजे एकूण बारा हालचाली असतात, आणि जिथे मागे वळण्याची मुभा आहे तिथे सोळा. सकाळी आठ ते बारा आणि संध्याकाळी चार ते आठ असा वेळ बहुधा पुरतो, पण औद्योगिक वसाहतीजवळ पाळी सुटण्याची वेळ धरावी आणि शाळेजवळ दुपारचीही.

पंधरा मिनिटांचे तुकडे का, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गर्दीच्या तासात ओळीने 210, 260, 310 आणि 220 वाहने आली, म्हणजे तासाला 1,000. पण सगळ्यात भरलेली पंधरा मिनिटे तासभर चालली असती तर 1,240 वाहने झाली असती. 1,000 भागिले 1,240 म्हणजे 0.81, हा गर्दीच्या तासाचा गुणक. सिग्नल हजाराच्या हिशेबाने लावला तर नेमक्या त्या पंधरा मिनिटांत रांग मागच्या चौकापर्यंत जाते आणि ओसरायला पुढचा अर्धा तास लागतो. सिग्नलवर रांग साठत असेल तर रेषा ओलांडून गेलेली वाहने म्हणजे मागणी नव्हे. दर पंधरा मिनिटांच्या शेवटी रांगेत राहिलेली वाहनेही नोंदावीत.

तपासणी

बेरजा हाती आल्या की लगेच पुढे जाऊ नये. आठवड्याच्या एकूण मोजणीत दोन्ही दिशांचे आकडे साधारण सारखे यायला हवेत. मोठी तफावत असेल तर परतीचा रस्ता वेगळा आहे किंवा एका बाजूचा माणूस डुलक्या घेत होता, यांपैकी काहीतरी एक निश्चित. एसटीच्या आगारातून त्या मार्गावरच्या फेऱ्यांचे वेळापत्रक मिळवावे आणि बसच्या रकान्याशी ताडून पाहावे. मला तरी याहून स्वस्त आणि भरवशाची दुसरी चाचणी माहीत नाही, कारण पहाटे साडेपाचची मुक्कामी गाडी गेली की नाही हे संपूर्ण गावाला ठाऊक असते. कारखान्याच्या काट्यावर एका दिवसात किती ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची वजने झाली, हेही विचारले तर बहुतेक ठिकाणी सांगतात.

आकडेमोड

बैलगाडी आणि दुचाकी सारख्याच जागेत बसत नाहीत आणि सारख्याच वेगाने जात नाहीत, म्हणून सगळ्या वाहनांचे रूपांतर मोटारतुल्य एककात करतात. कार्यालयात त्याला सगळे पीसीयूच (पॅसेंजर कार युनिट) म्हणतात. ग्रामीण रस्त्यांसाठी आयआरसी ६४ मध्ये दिलेले गुणांक असे: दुचाकी आणि सायकल 0.5, मोटार, रिक्षा आणि पिकअप 1, हलके मालवाहू 1.5, ट्रक आणि बस 3, ट्रेलर जोडलेला ट्रक किंवा ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर 4.5 आणि बैलगाडी 8. शहरी रस्त्यांसाठी आयआरसी १०६ चे गुणांक वेगळे असतात आणि त्या वाहनाचे एकूण वाहतुकीतले प्रमाण किती यावर बदलतात, म्हणून एकाचे दुसऱ्याला लावू नयेत.

आपल्या काल्पनिक रस्त्यावर गळीत हंगामातली सात दिवसांची रोजची सरासरी अशी आली: दुचाकी 3,200, मोटार-रिक्षा-पिकअप मिळून 1,850, हलके मालवाहू 420, बस 180, ट्रक 390, ट्रेलरसह ट्रक 60, ट्रॉलीसह ट्रॅक्टर 310, बैलगाड्या 45, सायकली 240. एकूण 6,695 वाहने. गुणांक लावले की याच क्रमाने 1,600, 1,850, 630, 540, 1,170, 270, 1,395, 360 आणि 120, म्हणजे 7,935 पीसीयू. यांत ट्रॅक्टर आणि बैलगाड्या मिळून वाहने फक्त 355, म्हणजे शेकडा पाचच्या आसपास, पण रस्त्यावरच्या भारात त्यांचा वाटा शेकडा 22 आहे. ‘एवढीशी तर वाहने’ म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष केले तर रस्त्याचे अर्धे दुखणेच दिसत नाही.

आता हाच रस्ता पावसाळ्यात मोजला असता तर? ट्रॅक्टर आणि बैलगाड्या नाहीत आणि ट्रक 390 ऐवजी 300, असे धरले तर आकडा 5,910 वर येतो. आयआरसी ६४ नुसार सपाट प्रदेशातल्या, फारशी वळणे नसलेल्या साडेपाच मीटर रस्त्याची संकल्पन क्षमता (आखणी करताना धरायची क्षमता) दिवसाला 6,000 पीसीयू आहे. म्हणजे ऑगस्टमधल्या मोजणीने ‘रुंदीकरणाची गरज नाही’ असा अहवाल गेला असता आणि जानेवारीतल्या मोजणीने नेमका उलटा. दोन्ही मोजण्या प्रामाणिक, एकही रेघ चुकलेली नाही, तरी असे होते. गळीत हंगाम पाच महिने आणि उरलेले सात महिने मंदीचे धरून भारित सरासरी काढली की वार्षिक सरासरी दैनिक वाहतूक 6,754 पीसीयू येते आणि रुंदीकरण समर्थनीय ठरते. दोन हंगामांची मोजणी शक्यच नसेल तर जवळच्या पेट्रोल पंपांवरची महिनावार इंधनविक्री घेऊन हंगामी गुणक काढण्याची पद्धत रूढ आहे. ती कामचलाऊ आहे, पण काहीच न करण्यापेक्षा बरी.

पुढच्या पंधरा वर्षांचा अंदाज वाढीच्या दरावर अवलंबून असतो. दरसाल 5 टक्के वाढ धरली तर आकडा 2.08 पट होऊन सुमारे 14,040 वर पोचतो आणि सात मीटरच्या दुपदरी रस्त्याच्या 15,000 च्या क्षमतेत जेमतेम बसतो. 7 टक्के धरली तर बाराव्या वर्षीच ती मर्यादा ओलांडली जाते. म्हणून अहवालात एकच दर ठोकून देऊ नये, दोन-तीन दरांचे निकाल शेजारी शेजारी दाखवावेत आणि प्रत्येक दर कशावरून घेतला हे लिहावे.

थरांच्या जाडीसाठी पीसीयूचा उपयोग नाही. आयआरसी ३७ नुसार भरल्यावर 3 टनांपेक्षा जास्त वजन होणारी व्यापारी वाहनेच घ्यायची आणि रस्त्याच्या आयुष्यात 80 किलोन्यूटनचे प्रमाण आस (तुलनेसाठी ठरवलेला एकच आसभार) किती वेळा जातील, हे काढायचे. समजा अशी 600 वाहने दोन्ही दिशांना मिळून रोज जातात, वाढ 5 टक्के आहे आणि आयुष्य 15 वर्षे. दुपदरी रस्त्याला पट्टा गुणक (एका पट्ट्यावर येणारा वाटा) 0.5 आणि प्रत्येक वाहनाचा हानी गुणक (एक वाहन किती प्रमाण आसांइतके नुकसान करते तो आकडा) 3.5 धरला आणि 5 टक्के वाढीसह 15 वर्षांची बेरीज पहिल्या वर्षाच्या 21.58 पट होते हे घेतले, तर 365 × 21.58 × 600 × 0.5 × 3.5, म्हणजे सुमारे 83 लाख प्रमाण आस येतात. हानी गुणक 5 निघाला तर हाच आकडा 1 कोटी 18 लाखांवर जातो. आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने रस्त्याचे नुकसान वाढते, त्यामुळे आसावर 20 टक्के जादा माल भरला की नुकसान दुपटीहून थोडे अधिक होते. हा गुणक पुस्तकातून उचलण्यापेक्षा रस्त्यावर चाकाखाली वजनकाटे ठेवून आसभार मोजणी करावी. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची भरलेली वजने त्याच वेळी घ्यावीत.

कागदपत्रे

अहवालात सरासरी येते, पण मूळ तक्ते फेकू नयेत. तासावार, दिशावार, वर्गवार आकडे एका संगणकीय तक्त्यात जसेच्या तसे भरून ठेवावेत आणि पीसीयूचे गुणांक वेगळ्या पानावर ठेवावेत, म्हणजे पुढे गुणांक बदलले तरी मोजणी वाया जात नाही. प्रत्येक दिवसासमोर हवामान, बाजार, लग्नाची दाट तीथ, बंद, अपघात किंवा रस्ता वळवल्याची नोंद एका ओळीत करावी. पुढच्या वेळी कोणी त्याच साखळीवर मोजायला बसेल तेव्हा मंगळवारचा आकडा एवढा का फुगला, हे त्याला त्या ओळीवरून कळेल. कागदी तक्ते ठाण्याच्या नावाने गठ्ठा बांधून, निदान रस्त्याचे काम पूर्ण होईपर्यंत, उपविभागीय कार्यालयातच ठेवावेत.